टिपूच्या रॉकेटमध्ये नक्की वेगळं काय होतं? नळी, दारू, काठी आणि बाणदार

परवा जिन्यात भेटलास तेव्हा तू एका दमात चार प्रश्न विचारलेस. काका, टिपूची रॉकेटं जगातली पहिली होती का, लोखंडी नळीने असा काय मोठा फरक पडला, मराठ्यांकडे रॉकेट होती की नव्हती, आणि एवढं भारी हत्यार होतं तर मग श्रीरंगपट्टण पडलं कसं. जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहून देतोय. माझी सगळी नोकरी सॉलिड प्रोपेलंटमध्ये गेली, म्हणजे रॉकेटच्या पोटात जे जळतं ते बनवायचं आणि ते नीट जळतंय का ते तपासायचं, त्यामुळे माझं उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकापेक्षा जरा कारखान्याच्या बाजूने येईल. टिपू चांगला की वाईट हा वाद मी घेणार नाही, मला नळीबद्दल आणि नळी भरणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय, कारण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पहिला प्रश्न पटकन संपवतो. नाही, पहिली नव्हती. दारू म्हणजे गनपावडर चीनमध्ये नवव्या शतकाच्या आसपास सापडली, १०४४ च्या वूजिंग झोंगयाओ या चिनी लष्करी ग्रंथात तिची मिश्रणं लिहून ठेवलेली आहेत. तिथले जुने 'अग्निबाण' म्हणजे आधी धनुष्यानेच मारायचे, फक्त बाणाला जळती पुडी बांधलेली, आणि पुढे कधीतरी कोणाच्या तरी लक्षात आलं की ही पुडी मागच्या बाजूने पेटवली आणि एकच तोंड उघडं ठेवलं तर धनुष्याची गरजच नाही. १२३२ मध्ये मंगोलांनी कायफेंगला वेढा घातला तेव्हा आतल्या लोकांनी 'उडते अग्निभाले' वापरले असं लिहिलेलं आहे, बरेच जण त्यालाच पहिलं रॉकेट म्हणतात, पण त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काहींच्या मते तो हातात धरायचा आग ओकणारा भाला होता. चौदाव्या शतकापर्यंत मात्र चीनमध्ये खरी रॉकेटं होती यात शंका नाही. कोरियात १४५१ च्या सुमारास हवाछा नावाची दोन चाकी गाडी आली, तिच्यावरून एका वेळी शंभराच्या आसपास बाण सुटायचे, आणि १५९३ मध्ये हैंगजूच्या किल्ल्यावर जपान्यांना थोपवताना तिचा मोठा उपयोग झाला. तर मैसूरचं श्रेय पहिलेपणाचं नाही, ते दुसरंच आहे, त्याकडे येतो.

आता मराठ्यांचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की लोखंडी नळीचा प्रश्न अर्धा सुटतो.

आपल्याकडे रॉकेटला शब्द होता 'बाण'. साधा बाण. त्यामुळे बखर किंवा जुनी पत्रं वाचताना अठराव्या शतकात 'बाण सुटले', 'बाणांचा मार झाला' असं आलं की आपल्या डोळ्यासमोर धनुष्य येतं आणि आपण पुढे जातो. पण त्या काळात तोफा, जंबुरे (म्हणजे उंटावरच्या हलक्या तोफा) यांच्या रांगेत बाण हा शब्द येतो तेव्हा तो बहुतेक वेळा दारूने उडणारा बाण असतो, आणि तो सोडणारा माणूस म्हणजे बाणदार. तीरंदाजाला आपल्याकडे तीरंदाज हा वेगळा शब्द होताच की. ही एक गोष्ट लक्षात ठेवून जुने कागद परत वाचलेस तर रॉकेटं जागोजागी दिसायला लागतील. पानिपतावर, १७६१ मध्ये, अब्दालीच्या बाजूच्या नजीबखानाच्या फौजेने मराठ्यांवर मोठ्या संख्येने बाण सोडल्याचं काशीराज पंडिताच्या वृत्तांतात आहे. म्हणजे आपल्यावर पण ते पडलेत. आणि आपण पण सोडलेत, १७९५ ला खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या घोडदळावर नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या लोकांनी बाणांचा पाऊस पाडला, हे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवलंय.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा पुरावा वेगळाच आहे. जेम्स फोर्ब्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस १७७५ मध्ये राघोबादादांच्या मदतीला गेलेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेबरोबर गुजरातेत होता, आडासच्या लढाईचा तो काळ. त्याने मराठ्यांच्या रॉकेटचं वर्णन करून ठेवलंय, आणि ते वर्णन इंजिनिअरला आवडेल असं आहे, म्हणजे त्यात मापं आहेत. नळी लोखंडाची, ८ ते १० इंच लांब, जाडीला जवळजवळ २ इंच. ती कधी लोखंडी गजाला, कधी सरळ दुधारी तलवारीला, पण बहुतेक वेळा ४-५ फुटांच्या मजबूत बांबूला बांधलेली, आणि पुढे लोखंडी टोक.

आता याच्या शेजारी मैसूरची मापं ठेव. लंडनमधल्या वूलिचच्या तोफखाना संग्रहालयात (ते २०१६ मध्ये बंद झालं) मैसूरची म्हणून ठेवलेल्या दोन रॉकेटची मापं प्रसिद्ध आहेत. एकाची नळी बाहेरून २.३ इंच जाड आणि १० इंच लांब, ती चामड्याच्या पट्ट्यांनी ३ फूट ४ इंच लांबीच्या सरळ तलवारीच्या पात्याला बांधलेली. दुसरीची नळी १.५ इंच जाड, ७.८ इंच लांब, आणि ६ फूट ३ इंचाच्या बांबूला बांधलेली. बघ ना, जवळपास तीच वस्तू आहे! आणि फोर्ब्सची नोंद १७७५ ची, म्हणजे टिपू गादीवर यायच्या सात वर्षं आधीची. त्यामुळे 'लोखंडी नळी हा टिपूचा गुप्त शोध' असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते मला पटत नाही. लोखंडी नळीचा बाण ही दख्खनच्या आणि दक्षिणेच्या लष्करांची सामाईक कारागिरी होती असं मी मानतो. हैदरअलीचे वडील फत्ते मुहंमद अर्काटच्या नबाबाकडे असताना त्यांच्या हाताखाली ५० बाणदार होते असं सांगतात, म्हणजे ते घराणंच या विद्येत वाढलेलं. मैसूरने जे केलं ते शोधाच्या पुढचं होतं, ते मी खाली सांगतो, पण आधी नळी.

लोखंडाने फरक काय पडतो. तू मेकॅनिकलला आहेस म्हणून तुला गणितानेच सांगतो. दारू किती वेगाने जळते हे आजूबाजूच्या दाबावर अवलंबून असतं, दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की वायू जास्त तयार होतो, आणि मागचं भोक तेवढंच असेल तर दाब आणखी वाढतो. हे चक्र कुठेतरी स्थिरावतं, आणि तो स्थिरावलेला दाब नळीला झेपला पाहिजे. कागदाची किंवा बांबूची नळी असेल तर तुला भोक मोठं ठेवावं लागतं, दारू मंद करावी लागते, नाहीतर नळी फुटते. थोडक्यात तू दारूला तिची ताकद दाखवूच देत नाहीस. लोखंडाचं गणित बघ, तीच २.३ इंची नळी म्हणजे बाहेरून ५८ मिलिमीटर आणि भिंत समजा ३ मिलिमीटर, घडीव लोखंडाची ताकद २०० मेगापास्कल धरली तर पातळ भिंतीच्या सूत्राने ती साधारण २०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशेपट, दाब सोसते. हातोड्याने ठोकून वळवलेली नळी, तिचा जोड कच्चा, म्हणून निम्मी ताकद धर, तरी १०० बार. भिंतीची जाडी मी अंदाजाने धरलीय, तू वेगळी धरून बघ, पण कागदी नळी याच्या जवळपासही येत नाही. इतका दाब कोणी मुद्दाम वापरत नव्हतं, पण हाताशी तेवढी जागा असणं महत्त्वाचं, कारण मग भोक लहान ठेवता येतं आणि वायू जोरात बाहेर पडतो.

आणखी एक, नळीच्या आत दारू किती मावते ते काढ. २.३ इंची नळीत आतली जागा अर्ध्या लिटरच्या थोडी वर निघते, दारू चांगली ठासली आणि मधली पोकळी वजा केली तर पाऊण किलोच्या आसपास. त्या काळच्या वर्णनांमध्ये पल्ला हजार यार्ड म्हणजे साधारण ९०० मीटर असा वारंवार येतो, काही ठिकाणी त्याच्या दुप्पटही. ९०० मीटर जायला हवेचा विरोध धरलाच नाही तरी ४५ अंशांवर सेकंदाला ९४ मीटर वेग लागतो, म्हणजे ताशी ३४० किलोमीटर झाले, प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागणार. घोडा ताशी ५०-६० ने धावतो. त्या माणसांनी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात वेगवान वस्तू, जी डोळ्यांना येताना दिसते, ती ही असणार. तोफेचा गोळा वेगवान असतो पण तो येताना असा शेपूट घेऊन दिसत नाही.

आता खरं अवघड काम. लोक नळीवर अडकतात, पण आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचार, तो सांगेल की अवघड आहे ती दारू भरणं. सोरा (म्हणजे पोटॅशियम नायट्रेट), कोळसा, गंधक, तीनच गोष्टी, प्रमाणं मी मुद्दाम लिहीत नाही, घरी कोणी प्रयोग करू नये एवढंच. पण बंदुकीची दारू आणि बाणाची दारू एक नाही हे समजून घे. बंदुकीत सगळी दारू डोळ्याचं पातं लवायच्या आत जळायला हवी, बाणात ती थराथराने, शिस्तीत जळायला हवी, त्यामुळे बाणाची दारू मंद ठेवतात आणि ती दाणेदार न ठेवता ठासून एक दगडासारखा गठ्ठा करतात. त्या गठ्ठ्याच्या मध्ये मागून निमुळती पोकळी ठेवतात, तिला बत्ती लागली की पोकळीच्या सगळ्या भिंती एकदम जळायला लागतात, जळणारा पृष्ठभाग मोठा म्हणून सुरुवातीलाच मोठा जोर मिळतो आणि बाण जमीन सोडतो. पोकळी नसेल तर बाण जागच्या जागी फुरफुरत राहतो, दिवाळीत सादळलेला बाण बाटलीत तसाच जळून जातो ना तसं.

आणि हा गठ्ठा अखंड पाहिजे. एकही चीर नको. चीर म्हणजे जास्तीचा पृष्ठभाग, जास्तीचा पृष्ठभाग म्हणजे जास्तीचा वायू, म्हणजे दाब. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका स्टॅटिक टेस्टला होतो, रॉकेटची मोटर स्टँडवर घट्ट बांधलेली, आम्ही सगळे बंकरमध्ये, पेटल्याबरोबर दाबाचा आलेख सरळ उभा वर गेला आणि केसिंग म्हणजे बाहेरची नळी फाटली, जमीन हादरली. नंतर शोधलं तेव्हा कळलं की ग्रेनमध्ये, म्हणजे त्या ठासलेल्या गठ्ठ्यात, केसाएवढी चीर होती आणि ती गाडीतून आणताना कुठेतरी हिसका बसून पडली होती. कोणालाही इजा झाली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर एक्स-रे काढल्याशिवाय मी एकही ग्रेन पुढे जाऊ दिला नाही. आता तू कल्पना कर, ज्यांच्याकडे एक्स-रे नाही, दाब मोजायला काही नाही, भरलेल्या नळ्या बैलगाड्यांवरून, उंटांवरून घाट उतरतायत, पावसाळ्यात दमटपणा आत शिरतोय, आणि सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यातलं मीठ आणि बाकीचे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतायत. तरीही ते बाण शेकड्यांनी सुटत होते आणि पल्ला गाठत होते. ज्या कोणा माणसांनी ते ठासले त्यांचा हात किती सारखा पडत असेल याचा विचार केला की मला त्यांच्याबद्दल खरंच आदर वाटतो. त्यांची नावं कुठेच नाहीत.

काठीचं थोडक्यात सांगतो. काठीचं काम शेपटाचं, बाण तिरका व्हायला लागला की लांब काठीवर हवा दाब देते आणि त्याला परत सरळ करते. ७.८ इंच नळीला ६ फूट ३ इंच काठी, म्हणजे जवळपास दहापट, हे प्रमाण काही उगाच आलेलं नाही. तलवारीचं पातं मात्र नळीच्या चौपटच लांब आहे, तिथे पात्याच्या वजनाने तोल मागे ओढला जात असणार, पण सरळ जाण्याच्या बाबतीत बांबूच सरस, असं माझं मत. तलवार लावायची ती बाण जमिनीवर उतरताना फिरत, उसळत गर्दीतून जावा म्हणून, घोड्यांच्या पायांतून, माणसांच्या रांगेतून. हा सगळा बाण नेमबाजीचा नाहीच, सुटताना त्याचा वेग कमी असतो आणि नेमक्या त्याच वेळी वारा त्याला ढकलतो, काठीमुळे तो वारा येतो त्या दिशेला तोंड वळवतो, आणि मग त्याच दिशेने जोर लावत जातो. त्यामुळे एक बाण म्हणजे काहीच नाही, दोनशे बाण म्हणजे हत्यार.

आणि इथे मैसूरचं खरं काम येतं. हैदरकडे साधारण १,२०० बाणदार होते, टिपूने ते ५,००० च्या आसपास नेले. त्याच्या फौजेत कशून नावाची पलटण असायची आणि प्रत्येक कशूनला बाणदारांची आपली तुकडी जोडलेली, तिला जौक म्हणायचे. फत्हुल मुजाहिदीन हा जो त्याचा लष्करी नियमांचा ग्रंथ आहे त्यात प्रत्येक कशूनमागे २०० बाणदार सांगितलेत. हे फार महत्त्वाचं आहे रे. बाकी सगळ्यांकडे बाण हे जवळ असलं तर वापरायचं साधन होतं, सरदारागणिक कमीजास्त. मैसूरमध्ये ते पायदळाच्या रचनेतच बसवलं, म्हणजे संख्या ठरलेली, माणसं शिकवलेली, आणि माल पुरवणारे कारखाने मागे. बंगळूर, श्रीरंगपट्टण, चित्रदुर्ग, बिदनूर इथे तारामंडळपेठ नावाचे भाग होते, बाण आणि दारूकामाच्या वस्त्या त्या. बंगळूरमध्ये हे नाव आजही शिल्लक आहे. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मैसूरने बाणाचं प्रॉडक्शन बसवलं. एक चांगलं रॉकेट कोणीही हुशार माणूस बनवेल, पाचहजारावं रॉकेट पहिल्यासारखंच उडवणं हे काम आहे, आणि ते बऱ्याच अंशी त्यांना जमलं होतं.

लढाईत काय झालं ते बघ. १० सप्टेंबर १७८० ला कांचीपुरमजवळ पोळिलूरला कर्नल बेलीची इंग्रज फौज हैदर आणि टिपूने पूर्ण मोडली, इंग्रजांच्या दारूच्या गाड्या पेटल्या आणि तिथून सगळं कोसळलं. त्या गाड्या बाणाने पेटल्या असं बऱ्याच ठिकाणी लिहितात, तोफगोळ्याने पेटल्या असंही म्हणतात, मी त्यावर शपथ घेणार नाही. बेली कैद झाला आणि कैदेतच श्रीरंगपट्टणला वारला. तिथल्याच दरिया दौलत बाग या टिपूच्या महालाच्या भिंतीवर या लढाईचं प्रचंड मोठं चित्र आहे, गेलास तर मधोमध पालखीत बसलेला बेली आणि पेटलेली दारूची गाडी शोध.

तिसऱ्या इंग्रज-मैसूर युद्धात आपली माणसं इंग्रजांच्या बाजूने होती, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन कॉर्नवॉलिसबरोबर टिपूवर गेले होते. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळ कावेरीकडे सरकणाऱ्या कर्नल नॉक्सच्या तुकडीवर बाणांचा जोरदार मारा झाला. आणि चौथ्या युद्धात, ५ एप्रिल १७९९ च्या रात्री, सुलतानपेठच्या राईत कर्नल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, अंधारात शिरला आणि बाण आणि बंदुकांच्या माऱ्याने त्याची माणसं विखुरली, त्याला मागे यावं लागलं, त्याचे १२ लोक पकडले गेले आणि नंतर मारले गेले. रात्र, झाडी, अनोळखी जमीन, आणि चारी बाजूंनी आगीच्या रेषा. बाणाला याहून चांगली जागा नाही. बाणांनी खूप माणसं मारली असं मी म्हणत नाही, पण रांगा मोडल्या, घोडे उधळले, बैल गाड्या घेऊन पळाले, आणि त्या काळची लढाई रांग टिकण्यावर होती.

मग श्रीरंगपट्टण का पडलं. कारण किल्ला लढवताना बाण कामाचा नाही, निदान निर्णायक नाही. समोरच्याने खंदक खणून जड तोफा आणून ठेवल्या की त्यांना बाणाने उखडता येत नाही, तिथे नेम लागतो आणि जड गोळा लागतो. बाण मोकळ्या मैदानातला, छावणीवर रात्री पडायचा. इंग्रजांच्या तोफांनी पश्चिमेकडच्या तटाला खिंडार पाडलं, २ मे ला एक गोळा किल्ल्यातल्या बाणांच्या कोठारावर पडला आणि ते सगळं उडालं, कावेरीला पाणी कमी होतं, आणि ४ मे च्या भर दुपारी हल्ला करून ते आत शिरले. टिपू लढताना पडला. हत्यार कमी पडलं म्हणून किल्ला गेला असं नाही, आणि हत्यार होतं म्हणून तो वाचायलाही हवा होता असं नाही, ते त्या कामाचं हत्यारच नव्हतं.

किल्ल्यात इंग्रजांना काय मिळालं त्याची मोजदाद झाली होती, बाण सोडायचे ६०० सांगाडे, वापरायला तयार ७०० बाण, आणि ९,००० रिकाम्या नळ्या. हा तिसरा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ तिथेच थांबलो होतो. इतिहासाची पुस्तकं हा आकडा साठा किती मोठा होता हे सांगायला देतात. मला त्यात दुसरं दिसतं. तयार ७०० आणि रिकाम्या ९,०००. कोणीतरी तिथे ठरवलं होतं की नळ्या करून ठेवायच्या पण भरायच्या गरज जवळ आली की मगच, कारण भरलेला बाण टिकत नाही, सादळतो, चिरतो. हा माझा अंदाज आहे, कागद नाही त्याला, पण ज्याने प्रोपेलंटचा साठा सांभाळलाय तो हेच करेल.

त्यातल्या काही नळ्या इंग्लंडला वूलिचला गेल्या. तिथे विल्यम कॉन्ग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने १८०४ च्या सुमारास रॉकेटवर काम सुरू केलं. सुरुवातीला त्याने लंडनमध्ये मिळणारे मोठ्यात मोठे शोभेचे रॉकेट स्वतःच्या पैशाने विकत घेऊन उडवून बघितले, ते ५००-६०० यार्डांच्या पुढे जाईनात. हिंदुस्थानातले त्याच्या जवळपास दुप्पट जात होते. तिथून त्याने सुरुवात केली आणि मग वूलिचच्या कारखान्याचं सगळं बळ त्याच्या मागे उभं राहिलं. त्याने केलं काय, दारूचं मिश्रण ठरवून दिलं, ठासायला यंत्रं आणली, नळ्यांचे आकार ठरवले, प्रत्येक आकाराला पल्ल्याचे तक्ते. त्याचं ३२ पौंडी रॉकेट साडेतीन फूट लांब, ४ इंच जाड, १५ फुटांची काठी, पल्ला ३,००० यार्ड. १८०६ ला बूलोन, १८०७ ला कोपनहेगन, १८१३ ला लाइपझिग, आणि १८१४ ला बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर, अमेरिकेच्या राष्ट्रगीतात जो रॉकेटचा लाल उजेड आहे तो याचाच. १८१५ मध्ये त्याने काठी बाजूला न बांधता मधोमध बसवली आणि भोकं भोवतीने ठेवली, म्हणजे जोर एका बाजूला ओढायचा दोष गेला. मग १८४४ मध्ये विल्यम हेलने काठीच काढून टाकली आणि बाहेर पडणाऱ्या वायूनेच रॉकेट स्वतःभोवती फिरवून सरळ ठेवलं. पण तोवर आतून आटे पाडलेल्या तोफा येत होत्या, त्यांचा नेम आणि पल्ला दोन्ही पुढे गेले आणि रॉकेट मागे पडलं.

'इंग्रजांनी आपलं रॉकेट चोरलं' असं तू म्हणालास. युद्धात हाती आलेली वस्तू उघडून बघणं सगळेच करतात, टिपूनेही फ्रेंच कारागीर बोलावून त्यांच्याकडून शिकून घेतलंच. माझ्या मनाला जे लागतं ते वेगळं आहे. वूलिचमध्ये प्रत्येक चाचणी लिहून ठेवली गेली, छापली गेली, पुढच्या माणसाला तिथून पुढे जाता आलं. आपल्याकडे ठासणाऱ्याच्या हातात जे होतं ते त्याच्या मुलाच्या हातात गेलं, आणि फौज मोडली, काम बंद झालं, की तिथेच संपलं. पुण्याच्या दरबाराचे लाखो कागद आपल्याकडे आहेत, हिशेब आहेत, पण बाणाची दारू कशी कुटायची, पोकळी किती खोल ठेवायची हे कोणा कारागिराने स्वतः लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. मी निवृत्त होताना माझ्या सगळ्या टेस्टच्या वह्या, फसलेल्या टेस्टच्या सुद्धा, नीट क्रम लावून ज्युनिअर मुलांच्या हातात दिल्या त्या याच कारणाने.

शेवटचं, बघायचे असतील तर कुठे. शिमोगा जिल्ह्यात होसनगर तालुक्यात नगर म्हणून गाव आहे, तेच जुनं बिदनूर. तिथे एका कोरड्या विहिरीतून २००२ मध्ये शंभरावर नळ्या निघाल्या होत्या, आणि जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने तीच विहीर खणली तेव्हा हजाराच्या वर निघाल्या. मातीला दारूचा वास येत होता म्हणून खणायचं ठरलं असं तेव्हाच्या बातम्यांत होतं, सव्वादोनशे वर्षांनी वास! शिमोग्याच्या शिवप्पा नायक राजवाड्याच्या संग्रहालयात त्या ठेवल्यात. पुण्याहून हुबळीमार्गे एका रात्रीचा प्रवास आहे. गेलास तर काचेतून नळीच्या लांबीकडे बघू नकोस, सगळे तेच बघतात आणि फोटो काढतात. मागच्या तोंडाकडे बघ, जिथून वायू बाहेर पडायचा तिथे. दहा-बारा नळ्यांची तोंडं एकापाठोपाठ बघ आणि ती एकमेकांशी किती जुळतात ते तुझ्या इंजिनिअरच्या डोळ्याने ठरव, वहीत लिही, आणि परत आलास की वही घेऊन वर ये.